ढोकरीचं घोटाभर पाणी

बगळ्याचा काय भरवसा, असं भगवंतरावांसमोर कोणी नुसतं पुटपुटलं तरी त्याची धडगत नसे. म्हातारा बसल्या जागेवरून उठे, धोतराचा सोगा खोचे आणि त्या माणसाला पुरता सोलून काढे. "जन्मभर नद्या उतरलो मी. कापसाची गाडी घेऊन कन्हान उतरलो, पुरातून जाम उतरलो. तेव्हा पूल कुठं होते? राखी बगळा उभा असन तं गुडघाभर पाणी. पांढरा उभा असन तं पोटरीभर. अन् ढोकरी उभी असन तं घोटाभर. बिनघोर पाय टाकायचा. बगळा खोटं बोलत नाही, माणसं बोलतात."

आता यात खोटं काही नव्हतंच म्हणा. बगळा काही बदकासारखा पोहत नाही. जितके त्याचे पाय लांब तितक्याच पाण्यात तो उभा राहणार आणि माशाची वाट बघणार. राखी बगळा उंच, तो आत जातो. ढोकरी बुटकी, मातकट रंगाची. चिखलात बसली तर पायाखाली येईतो दिसायची नाही, आणि उडाली की पंख एकदम पांढरेशुभ्र. ती काठाच्या उथळ पाण्यातच रमते. भगवंतरावांनी हे सगळं नदीकाठी बैल पाजता पाजता बघितलं होतं आणि मोहगावच्या अलीकडच्या त्या लहानशा गावातल्या पोरासोरांपासून नव्या सुनांपर्यंत सगळ्यांना शिकवून ठेवलं होतं. म्हाताऱ्याचं म्हणणं गावात चालत असे.

एकटी विजयमाला, भगवंतरावांची मोठी सून, पाण्याला भीत असे. सगळ्याच पाण्याला नाही, गावच्या तलावाला. बाया धुणं घेऊन तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, जात, तर ही घरच्या नळाखाली दोन बादल्यांत धुणं उरकून घेई. "काय वं, तलाव काय तुले गिळते का?" असं बाया विचारत. ती हसण्यावारी नेई. कारण सांगितलं असतं तर सासऱ्याची अब्रू गेली असती.

कारण होतं विहिरीचं. तलाव व्हायच्या आधी तिथं यांचं वावर होतं आणि वावरात जुनी बांधीव विहीर होती. विजयमाला लग्न होऊन आली तेव्हापासून त्या विहिरीचं पाणी शेंदत होती. तलावासाठी जमीन गेली, मोबदला मिळाला, घेणारे म्हणाले, पाणी भरायच्या आधी विहीर बुजवून टाका. भगवंतराव बुजवतात कशाला. "जिनं तीन पिढ्या जगवल्या तिच्या तोंडात मी माती घालू? हे पाप माह्या हातून होणार नाही." आपल्याकडं विहीर बुजवणं म्हणजे पापच, हे कोणाला सांगायला नको. मुलं गप्प बसली. साहेब लोकांना 'बुजवली' असं सांगून टाकलं. मग पाणी आलं आणि वावर, धुरे, विहीर सगळं खाली गेलं. कालवा व्हायचाच होता, त्यामुळं उन्हाळ्यातही ते पाणी फारसं कधी उतरलं नाही. लोक विसरले. म्हाताऱ्यानं तर तिकडं तोंड करून बसणंच सोडलं.

विजयमाला विसरली नाही. डोळे मिटले की तिला ती विहीर दिसे, उघडी, आ वासलेली, वरती सगळं शांत पाणी. घरात वाद नको म्हणून ती बोलत नसे, पण आपली लेकरं तलावाच्या वाटेला गेलेली दिसली की ती त्यांच्या पाठीत धपाटा घालून परत आणी.

ही गोष्ट सत्त्याऐंशी सालची. आषाढात बरा पडलेला पाऊस श्रावणात जो पळाला तो पळालाच. कपाशी माना टाकायला लागली, संत्र्याचा आंबिया बहर गळायला लागला, तेव्हा नुकत्याच झालेल्या कालव्यातून पहिल्यांदा पाणी सोडलं. महिनाभरात तलाव निम्मा झाला. गावाला आनंद, कपाशी वाचली म्हणून. बगळ्यांचं मात्र बिनसलं. तलावाच्या तोंडाशी बाभळींचा घोळका होता, दर पावसाळ्यात तिथं बगळ्यांची वस्ती पडे. बाभळी पाण्यात उभ्या असल्या की बोका चढत नाही, कोल्हा येत नाही, म्हणून बगळे तिथं घरटी करतात. त्या साली पाणी झाडांखालून सरकलं. चिखल उघडा पडला आणि कोल्ह्यांना वाट झाली. घरट्यातून पडलेलं पिल्लू सकाळी दिसत नसे, नुसती पिसं. दिवसा त्याच बाभळींवर झोपणारे रातबगळे निघूनच गेले. आणि एरवी काठाकाठानं पांगलेले बगळे उरल्या पाण्याभोवती दाटीवाटीनं उभे राहायला लागले.

पोळ्याच्या आदल्या दिवशी विजयमाला म्हशीला आणायला पाळीवर गेली होती. तेव्हा तिनं तलावात पार मधे एक ढोकरी उभी असलेली पाहिली. बाकीचे सगळे काठाला, ही एकटीच मधे. विजयमाला तिच्याकडं बघतच राहिली. का ते तिला उमगलं नाही. म्हैस घेऊन ती लगालगा घरी आली आणि पोळ्याच्या कामात ते डोक्यातून गेलं.

घरात त्या साली धाकटी सून नवीन होती. अनुराधा तिचं नाव, पांढुर्ण्याच्या मास्तराची मुलगी, शहरात वाढलेली, बोलायला चटपटीत. विजयमालाचं माहेर सावरगाव. मधे फक्त जाम नदी, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच नदीत दोन्ही गावांची गोटमार. नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्यालाच झेंडा म्हणतात, पांढुर्ण्याचे लोक ते काढायला पाण्यात उतरतात, सावरगावचे दगड मारून त्यांना अडवतात. दोघी जावा दोन तीरांच्या, मग थट्टेला काय तोटा.

पोळ्याच्या रात्री भांडी घासता घासता अनुराधा म्हणाली, "बाई, उद्या तं आपला दगडाचा दिवस. तुम्ही मले मारान, मी झेंडा घेऊन पळीन."

"मी दगड हातात धरत नाही आता," विजयमाला म्हणाली. लहानपणी ती भावांसाठी ओच्यात दगड भरून नेत असे. हाताच्या मुठीत बसणारा, गोल, नदीचा गोटा सरळ जातो, चपटा भरकटतो, हे तिला कोणी न शिकवता समजलं होतं. वावरातल्या ज्वारीवर पाखरं आली तर तिचा नेम चुकत नसे. मग एका साली गोटमारीत भावाचा डोळा गेला.

"भ्याली वाटते सावरगावची," अनुराधा हसली. विजयमालाही हसली. पोर लाघवी होती, तिच्यावर रागावता येत नसे.

दुसऱ्या दिवशी पहाटेच गावातले धडधाकट पुरुष ट्रॅक्टर भरून गोटमार बघायला पांढुर्ण्याला गेले. यांच्या घरचे दोघेही भाऊ गेले. गावात राहिल्या बाया, म्हातारे आणि तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल ओढणारी पोरं. पोरांनी डफडी आणि टिनाचे डबे बडवून सकाळपासून नुसता कहर मांडला होता.

घाईत जाताना धाकटा श्रीधर, अनुराधाचा नवरा, मेढा टाकायला विसरला. पोळ्याला दाराशी पळसाच्या फांद्या ठेवतात, तोच मेढा. दुसऱ्या दिवशी सकाळी तो उचलायचा, गावाबाहेर न्यायचा, ओरडून मारबत बाईला सांगायचं की बाई, आमच्या घरची रोगराई घेऊन जा, आणि पाण्यात टाकून मागं न बघता परतायचं. सकाळी गावाच्या चारी बाजूंनी ती आरोळी ऐकू येते, "ईडा पीडा, खोकला खरूज घेऊन जा गे मारबत!" ज्याच्या घरचा मेढा दारात राहिला त्याच्या घरी वर्षभर दुखणं. भगवंतरावांना हे कसं खपावं?

विजयमाला गोठ्यात शेण काढत होती. बाहेर आली तर दारातला मेढा नाही, ओसरीवर म्हातारा नाही, चुलीपाशी अनुराधा नाही. शेजारची देवकाबाई अंगणात तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "तुहे मामाजी अन् लहानी तलावाकडे गेले. मेढा टाकाले."

विजयमालानं पुढचं ऐकलंच नाही. शेणाचे हात तसेच घेऊन ती निघाली. चालता चालता ती धावायला लागली. वाटेवर पोरं बैल ओढत होती, तिनं एकाचा बैल उलथा केला आणि पोरगं मागून बोंबलत राहिलं.

भगवंतराव पाळीवर गोधडीची घडी घालून बसले होते, काठी मांडीवर. म्हाताऱ्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, हातभर अंतरावरचं माणूस आवाजानं ओळखायचा. सून आल्याचं त्याला पावलांवरून कळलं. विजयमालानं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. सासऱ्याशी ती कधी सरळ बोलत नसे, जे बोलायचं ते भिंतीकडं नाहीतर लेकरांकडं बघून बोलायची.

"लहानी कुठं गेली म्हणा?" तिनं हवेला विचारलं.

"पाठवली मी तिले आत," म्हातारा समाधानानं म्हणाला. "काठाले टाकला तं मेढा वापस येते. वापस आला म्हणजे रोगराई वापस आली. काठाले सारा चिखल. मी विचारलं, आत कोणता बगळा दिसते? म्हणे, लहान आहे, मातकट आहे, मधात उभा आहे. म्हटलं मंग ढोकरीच. सरळ तिच्यापर्यंत जाय, घोटाभर पाणी असन. तिच्या पलीकडे टाक."

विजयमालानं मान वर केली.

अनुराधा गुडघाभर पाण्यात होती. साडी वर खोचलेली, दोन्ही हातांत पळसाची लांब फांदी. ती तलावाच्या मधाकडं निघाली होती. तिच्या पुढं बऱ्याच अंतरावर ती ढोकरी उभी होती, खांद्यात मान घालून, पाण्यावर ठेवल्यासारखी. आणि ढोकरीच्या बरोबर मागं, पलीकडच्या टेकडीवर, दोन बाभळींच्या मधोमध महादेवाचं देऊळ दिसत होतं.

देऊळ असं दोन बाभळींच्या मधे फक्त विहिरीच्या सरळ रेषेत दिसे. इतकी वर्षं डोक्यावर घागर घेऊन ती त्याच रेषेत विहिरीवरून वळली होती. विहिरीच्या अलीकडं बसक्या दगडांचा काठ, जमिनीला लागून, कठडा नाही. पलीकडं मोट रिकामी करायचं उंच दगडी थारोळं. ढोकरी त्या थारोळ्यावर उभी होती. तिच्या पायाखाली घोटाभरच पाणी होतं, म्हातारा काही खोटं बोलला नव्हता. आणि थारोळ्याच्या अलीकडं, अनुराधाच्या सरळ वाटेवर, विहिरीचं तोंड होतं.

विजयमालानं दोन्ही हात वर केले. मग ती ओरडली. सासरा बसलेला असताना, पदर डोक्यावरून उडालेला असताना, जिवाच्या आकांतानं ओरडली, "अनू! अनू वं! अनू!"

वारा तलावाकडून गावाकडं वाहत होता. मागं पोरांचे डबे वाजत होते. आणि त्या सकाळी ओरडण्याचा अर्थ एकच होता. अनुराधानं मान वळवली, पाळीवर मोठी जाऊ हात वर करून ओरडते आहे असं पाहिलं, आणि तिला वाटलं, बाई आपल्या आरोळीला साथ द्यायला आल्या. तिनंही फांदी उंचावली आणि खणखणीत आवाजात दिली आरोळी, "घेऊन जा गे मारबत!" आणि ती पुढं चालायला लागली.

"हळू ओरडावं म्हणा," म्हातारा नाराज होऊन म्हणाला. "एकानं सांगितलं तरी जाते मारबत."

विजयमाला पाळीवरून उतरली. दहा पावलांतच चिखलानं तिचे पाय धरले, पोटरीपर्यंत आत. एक पाय काढेपर्यंत दुसरा रुते. अनुराधा हलक्या अंगाची, ती कडेच्या वाळूवरून गेली होती. विजयमालाला कळून चुकलं की आपण पोचत नाही. तिला रडू यायला लागलं, संतापाचं आणि भीतीचं. ती मागं फिरली आणि पाळीला लावलेल्या दगडांपाशी गुडघ्यावर बसली.

मुठीत बसणारा, गोल. हात आपोआप त्याच्यावर गेला.

पहिला दगड तिनं अनुराधाच्या पुढं पडावा म्हणून फेकला. तो पडला तिच्या उजव्या बाजूला, पाणी उडालं. ढोकरी दचकून उठली आणि पंखांचा पांढरा पट्टा काढत लांब बाभळीकडं निघून गेली. अनुराधा थबकली. थबकली तशी विजयमालाच्या जिवात जीव आला. वळ, पोरी, वळ.

ती वळली. पाळीवर जाऊबाई, हातात दगड. पांढुर्ण्याच्या पोरीला दुसरं काय वाटणार? रात्रीची थट्टा तिला आठवली. एवढी मोठी बाई, सासऱ्यासमोर, खेळायला उतरली याचं तिला भलतंच कौतुक वाटलं. तिनं पळसाची फांदी झेंड्यासारखी छातीशी धरली, गोटमारीतली "चंडी माता की जय" अशी आरोळी दिली आणि हसत हसत पुढंच पळायला लागली. गुडघाभर पाण्यात तिची साडी फुगली होती. झेंडा न देणाऱ्या माणसासारखी ती सावरगावच्या दगडापासून पळत होती.

आता ढोकरी नव्हती, पण देऊळ होतं. अनुराधाचं डोकं देवळाच्या खालीच होतं. आणखी चार ढांगा. विजयमालाला भावाचा डोळा आठवला, रक्तानं भरलेली ती खाच, आईचं डोकं बडवून घेणं. दगड डोक्याला लागला तर पोर तिथंच आडवी होईल, पालथी, गुडघाभर पाण्यातही मरेल. नाही लागला तर विहिरीत जाईल. देवा, हे काय माझ्या हाताला दिलंस, एवढंच तिच्या मनात आलं, आणि तिनं सगळं अंग मागं नेऊन दुसरा दगड सोडला.

तो अनुराधाच्या पाठीत लागला, उजव्या खांद्याच्या खाली. आवाज पाळीवर ऐकू आला. पोर कळवळली, तिचे गुडघे मोडले आणि ती फांदीचा आधार घेत पाण्यात फतकल मारून बसली.

"कोणाले मारलं?" म्हातारा उठून उभा राहिला. "काय चाललं हे? कोण रडून राहिलं?"

विजयमालानं त्याच्याकडं तोंड वळवलं आणि पहिल्यांदा त्याच्याशी सरळ बोलली. "मामाजी, तिथं आपली विहीर आहे. ढोकरी थारोळ्यावर उभी होती."

म्हाताऱ्याच्या तोंडाचं पाणी पळालं. त्यानं काठी कुठं तरी टेकवायला पाहिली, काठी दगडांच्या फटीत गेली आणि तो तसाच वाकडा होऊन खाली बसला.

तिकडं अनुराधा बसल्या जागेवरून उठायचं बघत होती. दुखऱ्या खांद्याचा हात पोटाशी, दुसऱ्या हातानं फांदी पुढं टेकवून ती जोर लावायला गेली. फांदी खाली गेली. जातच राहिली. आधी पानं गेली, मग तिचा हात, कोपर, खांदा, आणि गाल पाण्याला टेकला तरी खाली काही लागेना. तिनं हात सोडला. फांदी आडवी होऊन वर यायला हवी होती. ती आली नाही, तिथंच खाली कुठं तरी अडकली. अनुराधा गालावरचं पाणीही न पुसता तशीच राहिली. मग तिला तिच्या पुढ्यातलं पाणी वेगळं दिसायला लागलं. मागचं गढूळ होतं, पुढचं काळं.

तेव्हा ती ओरडली. ती आरोळी मारबतीची नव्हती, हे गावातल्या डबे वाजवणाऱ्या पोरांनाही कळलं, कारण डबे थांबले.

"हलू नको," विजयमाला ओरडत होती. आता वाजंत्री नव्हती, शब्द जात होते. "बसल्या बसल्या मागं सर. उठू नको. पाय उचलू नको. मी आली."

या वेळी ती कडेच्या वाळूवरून गेली. ज्या पाण्यात पाय बुडवायला ती इतकी वर्षं भीत होती त्या पाण्यात ती शिरली, आणि भीती काही कमी झाली नाही, उलट प्रत्येक पावलाला वाढत गेली. तळाशी काय आहे ते दिसत नव्हतं. बेशरमाची एक फांदी पायाला लागली आणि तिला वाटलं कोणी धरलं. वाटेत ती थांबली, पुढं जाईना, मागंही येईना. समोर अनुराधा तिच्याकडं बघत होती. त्या पोरीच्या नजरेत जशी विहिरीची भीती होती तशी हिचीही होती. ज्या बाईनं दगड मारला तीच चालत येते आहे.

मग अनुराधाच्या जरा बाजूला विजयमालाच्या पायाला दगड लागला. घडीव, गुळगुळीत, मधे खोलगट झालेला. दोरानं आणि बायांच्या टाचांनी झिजलेला तो काठ तिच्या पायानं ओळखला. ती तिथंच पाण्यात आडवी झाली, पोटावर, आणि हात लांब केला. पोचत नव्हता. तिनं पदर सोडवला आणि त्याचं टोक फेकलं.

"धर. मले मारायचं असतं तं मी इथं काहून आली असती? धर."

अनुराधानं पदर धरला. दोघी चिखलात सरपटत मागं आल्या. काठाला येईपर्यंत दोघींपैकी कोणी बोललं नाही. काठाला आल्यावर अनुराधाला ओकारी झाली, आणि विजयमाला तिची पाठ धरून बसली, दगड लागला होता त्याच्या जरा बाजूला. तिथं मुठीएवढा काळानिळा फुगा आला होता. विजयमालानं त्याला हात लावायला बोट पुढं केलं आणि मागं घेतलं.

"बाई, मी गेली असती," अनुराधा पुन्हा पुन्हा म्हणत होती. "हसत हसत गेली असती मी."

दुपारी देवकाबाईनं हळद-चुना गरम करून लावला. पोर तापानं फणफणली, झोपेत फांदी शोधत हात हलवायची. दिवस कलता पांढुर्ण्याला गेलेला ट्रॅक्टर परत आला. श्रीधरनं बायकोची पाठ बघितली आणि त्याचा चेहरा पडला. गोटमारीत ज्या माणसाला ओरखडा आला नाही त्याच्या घरात दगड लागला होता. सगळं ऐकल्यावर तो भिंतीला टेकून खाली बसला. थोरल्या भावानं गावात सांगून लोक गोळा केले, उद्या बांबू आणि तारा घेऊन विहिरीभोवती कुंपण करायचं ठरलं.

म्हातारा घरी आलाच नव्हता. सकाळपासून पाळीवर होता. कोणी तलावाकडं उतरायला लागलं, ढोर पाजायला, पाय धुवायला, की काठी आपटून त्याला हाकलत होता. दिसत काही नव्हतं, नुसत्या आवाजावर. मुलं आणायला गेली तर त्यांनाही त्यानं हाकललं.

दिवेलागणीच्या वेळी विजयमाला ताट घेऊन गेली. बाभळींवर बगळे येऊन बसत होते, त्यांची कुरबुर चालली होती. म्हाताऱ्यानं ताट हातानं चाचपलं आणि बाजूला ठेवलं.

"लहानी कशी आहे?"

"ताप आहे. पण बोलून राहिली."

विजयमालानं पदर पुढं ओढला नाही. तिला आता त्याची लाज वाटत नव्हती आणि रागही येत नव्हता.

"नदीसाठी खरं होतं ते, सूनबाई," तो म्हणाला. "नदीत विहीर नसते."

"हो."

"इथं पाणीच दुसरं होतं. विहीर मी ध्यानातूनच काढून टाकली होती. अन् मी तिले सांगितलं, बिनघोर जाय." त्याच्या पांढऱ्या पडलेल्या डोळ्यांनी तो तलाव होता त्या बाजूला बघत होता. "माह्या सत्तर वर्षांत मी किती जणाले काय काय सांगितलं असन. पोरीचं लग्न कुठं करा, वावर कोणतं घ्या, मुलगा कोणत्या कामाले लावा. सारे हो म्हणून गेले. त्यातला कोण कुठं पाय टाकून राहिला असन, मले कसं समजन? त्याइच्या मागं तं कोणी दगड घेऊन उभं नाही."

सासऱ्यासमोर विजयमाला आजवर कधी बसली नव्हती. ती त्याच्या शेजारी दगडांवर बसली, भाकरीचा तुकडा मोडला, वांग्याच्या भाजीला लावला आणि त्याच्या हातात दिला. म्हातारा तो हातात धरून बसला, आणि खाली चिखलात कोणाचं पाऊल वाजतं का ते ऐकत राहिला.